आरशातली पाहुणी

ता. २ मार्च

ती. ताईस,
ढब्याचा शि. सा. न. वि. वि.

सिनेमा लागला. चालला की पडला ते मात्र विचारू नकोस, कारण ते अजून कुणालाच कळलेलं नाही. मी रोज संध्याकाळी थिएटरात मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि पडद्याऐवजी लोकांची डोकी बघतो. जिथे किंचाळावं म्हणून आम्ही जिवाचं रान केलं तिथे खो खो हसतात, आणि जिथे हसायचं तिथे गप्प. काल सांगाड्यांचा नाच सुरू झाल्यावर एका गृहस्थांनी पायातला बूट काढून पडद्यावर भिरकावला. त्यांच्या शेजारची पोरं उभी राहून टाळ्या पिटत होती. नंतर ते बूट मागायला मॅनेजरकडे गेले, तेव्हा नाचाचंच गाणं गुणगुणत होते म्हणे.

एका पेपरात आलंय, एक ना धड भाराभर चिंध्या. दुसऱ्यात आलंय, असा धमाल भुताटकीपट झालाच नाही. दोघांनी एकाच रांगेत बसून पाहिला, मी स्वतः बघितलंय. निर्माते मला रोज बोलावतात आणि विचारतात, हा भुताचा आहे, गाण्याचा आहे की हसवण्याचा, एकदा काय ते ठरव. मला ते ठरवायचंच नव्हतं हे त्यांना कोण सांगणार?

सगळ्यात वाईट हाल आरशाच्या सीनचे. म्हातारीचं भूत रिकाम्या घरात येतं, आरशापुढे उभं राहतं आणि आतल्या बाईला बसा म्हणतं. ती बसत नाही म्हणून चिडतं, मग तिला खुर्ची ओढून देतं. एवढंच. तर अर्धं थिएटर पोट धरून हसतं, बाकीचे त्यांना शुक शुक करतात, आणि काही जण सरळ उठून बाहेर पडतात. निर्माते म्हणतात, भांडणाचं मूळ तेच आहे, उडव. मी अजून तरी नाही म्हणतोय.

शुक्रवारी तुमच्या गावात लागतोय. तू बघ आणि खरं काय ते कळव. अण्णांना मात्र नेऊ नकोस. सांगाडे नाचताना बघून विचारतील, याचसाठी का तुला शिकवला.

लोभ आहेच, तो सिनेमा बघूनही टिकावा एवढंच मागणं.

तुझा,
ढब्या

ता. १० मार्च

चि. ढब्यास,
अ. उ. आ.

आधी दवाखान्यातली बातमी देते, म्हणजे पुढचं लिहायला हात उचलेल. तुझ्या सिनेमामुळे आमच्या दातांच्या डॉक्टरांची चांदी झाली आहे. एक बाई हसता हसता कवळी सैल झाली म्हणून ती बसवून घ्यायला आल्या. त्यांच्या शेजारी गाल सुजलेला एक कारकून बसला होता, त्याला धड बोलता येत नव्हतं तरी असल्या सिनेमावर बंदी हवी हे त्याने सगळ्या बाकाला ऐकवलं. दोघांची अशी जुंपली की शेवटी मी कारकुनाला नंबर नसताना आत पाठवला. तू माझा भाऊ आहेस हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा लाजेने नाही सांगितलं. आता रागाने सांगणार नाही.

काल मी जाऊन आले. ढब्या, ती आई आहे.

गळ्याशी बटण लावायचं, काढायचं, परत लावायचं. बसा, उभ्या का, हे म्हणताना मान किंचित कलती करायची. खुर्ची दिली की बसायची जागा हाताने पुसायची. कुठल्या तोंडाने घेतलंस हे सगळं? शेवटच्या वर्षात मी तिला त्या आरशापुढून हाताला धरून किती वेळा आणलंय ते माझं मला माहीत. घरात ही कोण बाई येऊन राहिली आहे आणि ती जेवत का नाही, म्हणून ती रडायची. शेवटी मी आरशावर चादर टाकली. आणि तिथे त्या अंधारात माणसं तिला हसत होती. माझ्या मागच्याने तर शिट्टी मारली. मेलेल्या आईला तू तिकीट लावलंस, असंच मला वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

अण्णांना मी सांगितलंय की तुझा सिनेमा आपल्याकडे येणारच नाही, प्रत खराब निघाली. ते हं म्हणाले आणि शिवणयंत्राला तेल घालत बसले. पोस्टर वरच्या चौकात आहे, तिकडे ते फिरकत नाहीत. पण गिऱ्हाइकांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यांच्या कानावर गेलं तर ते खचतील. आई गेल्यापासून माणूस कसा झालाय हे तुला लांबून दिसत नाही. तो सीन काढून टाक. निर्मात्यांना हवंच आहे, तुझं कुठे अडतंय?

या वेळी लोभाचं काही लिहीत नाही. तू काय करतोस ते बघून लिहीन.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सीन काढला. तुझं पत्र वाचलं आणि तडक निर्मात्यांकडे गेलो. त्यांनी मला मिठी मारली, तिथेच मला कसंतरी झालं. प्रत्येक थिएटरच्या ऑपरेटरला निरोप गेलाय, की शुक्रवारपासून तेवढी पट्टी कापून उरलेलं जोडायचं आणि कापलेलं परत पाठवायचं. तुमच्याकडेही.

थट्टा करायची नव्हती गं. मला ती तशीच आठवते, दुसरी कुठली आठवतच नाही. शाळेत डबा देणारी, रागावणारी, कपड्यांना काजं करणारी आई आठवायला जातो आणि ही खुर्ची पुसणारीच समोर येते. ती कुठेतरी ठेवावी म्हणून ठेवली. लोकांनी हसावं की रडावं हे मलाच कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर सोडलं. पण तुला विचारायला हवं होतं हे खरं.

अण्णांना काही कळू देऊ नकोस. त्यांना धक्का बसू नये म्हणून तरी हे बरं झालं.

रागावली असलीस तरी लोभ थोडा शिल्लक ठेव.

ढब्या

ता. १६ मार्च

चि. ढब्यास,
अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला धीर नाही. काही केलं नसशील तर करू नकोस. तो सीन कापू नकोस.

आज थिएटरचा दारवान दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आला. नाव लिहून घेताना म्हणाला, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, रोज दुपारी भेटतात. मी म्हटलं, माणूस चुकला तुमचा. तर म्हणाला, शिंपीकाकांना मी चुकेन होय? मध्यंतरानंतर येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात, आरशाचा सीन झाला की उठतात.

मी अर्धी रजा टाकून गेले. खरंच होते. मी मागे अंधारात उभी राहिले. भूत बसा म्हणालं आणि लोक हसायला लागले, तसे अण्णाही हसायला लागले. तोंडावर रुमाल, खांदे गदागदा. आधी मला वाटलं रडताहेत. मग आवाज ऐकला. तो आवाज आपल्या घरात कधीपासून नाही, तूच आठव. सीन संपल्यावर ते टोपी घालून निघाले. मला त्यांनी पाहिलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, कुठे गेला होतात, तर म्हणाले दोरा आणायला. पुडीही दाखवली. घरात सध्या इतका दोरा साठलाय की अख्ख्या गावाचे कपडे उसवून परत शिवता येतील, आणि मला शहाणीला त्याची शंका आली नाही. मी त्यांच्यापासून सिनेमा लपवतेय आणि ते माझ्यापासून सिनेमा लपवताहेत. आपल्या घराण्याची रीतच ही.

मला ते बघवत नाही ते राहू दे. मी जाणार नाही, झालं. पण त्यांना ती तिथे भेटते. हात जोडते, कापू नकोस.

लोभ होताच. नाही असं लिहिलं ते मनावर घेऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २५ मार्च

चि. ढब्यास,
अ. उ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मिळालं तोवर शुक्रवार उजाडला होता. मी धावत ऑपरेटरच्या खोलीत गेले, तर पट्टी कापून डब्यात घालून रवाना झालेली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, त्याने सांगितलं ते केलं.

त्याच दुपारी अण्णा गेले. अडवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि माझी जीभ उचलली नाही. नेहमीपेक्षा उशिरा आले, म्हणजे शेवटपर्यंत बसले असणार. टोपी खुंटीला लावली, पाणी मागितलं. मग खाली बघत म्हणाले की आज ती आलीच नाही. माझ्याशी बोलताहेत की स्वतःशी ते कळेना. पुढे म्हणाले, उद्या येईल कदाचित.

मग मात्र मी सगळं सांगितलं. माझं पत्र, तुझं पत्र, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन निजले, दिवसाउजेडी.

बाकी तुझा सिनेमा छान चाललाय. दवाखान्यातल्या बाकावर आता भांडण नाही. कवळीवाल्या बाई आणि तो कारकून दोघांनाही आवडलाय. मला कुणाचं तोंड बघवत नाही. चूक माझी आहे आणि तू त्यांना लिही, माझ्याशी ते पुरतं बोलत नाहीत.

आहे तो लोभ आपण दोघांनी मिळून सांभाळू.

ताई

ता. २ एप्रिल

चि. ढब्या यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एका पानात इतक्या वेळा माफी मागत जाऊ नये, कागदाला घडी पडते. सिनेमा जोरात चाललाय म्हणून निर्माते तो तुकडा परत जोडू देत नाहीत, हेही वाचलं. त्यांचं बरोबर आहे. गिऱ्हाईक मागेल तसं कापायचं हा माझाही धंदा. पण तुझा तो धंदा नव्हता. बहिणीने सांगितलं म्हणूनही कापायचं नव्हतंस.

तुझ्या भुताचा झगा वाईट शिवलाय. दुमड बाहेरून घातली आहे. मला आधी तेच दिसलं, आणि पुढचं दिसल्यावर झग्याचं भान राहिलं नाही.

ताईला वाटतं, लोक तुझ्या आईला हसले. मीही हसलो. ती आजारी असतानाही हसायचो, स्वयंपाकघरात जाऊन, ताईला ऐकू जाऊ नये म्हणून. आरशातल्या बाईला ती एकदा विचारत होती की तुमच्या घरचे तुमची वाट बघत नाहीत का. माणूस हसणार नाही तर काय करील? त्याच वेळी ताई न्हाणीघरात रडत असायची. आणि तू कामाचं निमित्त सांगून गेलास, तो ती गेल्यावरच आलास.

म्हणून म्हणतो, त्या सीनवरून लोकांत भांडणं झाली त्यात नवल नाही. कुणी हसलं, कुणी रडलं, कुणी उठून गेलं. आपण घरात तिघं होतो, तिघांनी तेच केलं. आता म्हणे सगळ्यांना सारखाच आवडतो. म्हणजे आपल्या घरचं त्यात काही उरलं नाही.

मी दाराजवळ बसायचो, त्यामुळे उठून जाणारे माझ्या अंगावरूनच जायचे. लांबून चिडलेले दिसत. जवळून गेले की कळे, चिडलेले नाहीत, त्यांना सोसत नाही. त्यातला एक धिप्पाड माणूस बाहेर व्हरांड्यात उभा राहिला. आरसा संपला का, म्हणून त्याने दारवानाला विचारलं, आणि मग आत येऊन पुन्हा आपल्या जागेवर बसला. कुणी त्याला काही म्हटलं नाही.

तूही ये. ताईला मी बोललो आहे, ती वाट बघतेय. मीही.

लोभ आहे. तो तुला मागावा लागणार नाही.

अण्णा