जहाज तेव्हा कुणाच्या हाती होतं

१० जून २००१
सोसायटीची मीटिंग. विषय: पाण्याची टाकी कधी धुवायची. दीड तास! चेअरमन अजून मला 'मेजरसाहेब' म्हणतो. तीन वर्षं सांगतोय, नौदल, कमांडर. "एकच की हो!" म्हणे. गोदावरीच्या पुरापलीकडे पाणी पाहिलं नाही गाढवाने.

११ जून
अंबडच्या कारखान्याला सिक्युरिटी ऑफिसर हवाय. मालक दिलीपशेठ म्हणाले, मुलाखतीला तुम्ही बसा. अर्ज पाठवलेत. एकाने लग्नातला फोटो लावलाय, गळ्यात हार तसाच. असले नमुने.
शेवटचा अर्ज: सतीश गांगुर्डे, वणी. माजी लेफ्टनंट. माझ्याच जहाजावरचा. 'नोकरी का सोडली?' समोर लिहिलंय, "माझ्या चुकीने जहाज तळाला घासलं."
फाइल मिटली.

१२ जून
इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकतो. ८९ साल, भर दुपार. जहाजाचा कॅप्टन मी, ड्यूटीवर गांगुर्डे. समोर मासेमारीची होडी. वाटलं, बावळट पोरगा, वळवायला उशीर करतोय. सुकाणूवाल्याला मीच ओरडून ऑर्डर दिली, डावीकडे घे.
नियम साधा आहे. ज्याने ऑर्डर दिली, जहाज त्या क्षणापासून त्याचं. पण तसं तोंडाने म्हणायचं असतं, मग ते जहाजाच्या नोंदवहीत चढतं. मी म्हटलंच नाही. डावीकडे उथळ होतं. गांगुर्डेला ते माहीत होतं, म्हणूनच तो थांबला होता.
वहीत नाव त्याचं. चौकशीत मी म्हणालो, "वहीत आहे तेच खरं." सुकाणूवाल्यानेही माझ्याकडे बघत मान डोलावली. गांगुर्डे गप्प. मला नुसती ताकीद. त्याला राजीनामा द्यावा लागला.

१४ जून
सुलभाला सांगितलं, निम्मंच. म्हणाली, "मग आता तरी सांगून टाका ना." बायकोला सगळं सोपं वाटतं.

१६ जून
मुलाखत. गांगुर्डेचे केस पिकलेत, बूट मात्र चकाचक. मला पाहून ताडकन उभा राहिला. "सर."
शेठनी विचारलं, जहाजाचं काय झालं होतं? वाटलं, संपलं, आता बोलणार.
"चूक माझी होती, साहेब. वळवायला उशीर केला."
माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर दया करतो? हा? वणीचं पोरगं! अंबडहून घरी येईपर्यंत नुसता धुमसत होतो. मग तेही ओसरलं. लाज वाटतेय, दुसरं काही नाही.

१७ जून
सकाळी शेठचा फोन. "माणूस चांगला वाटतो हो. पण ज्याच्या हातून जहाज घासलं, त्याच्या भरवशावर कारखाना कसा सोडू? अर्जावरून दिसतंय, तुम्ही तिथंच होता. तुम्ही म्हणाल तसं करू."
तोंडाशी आलं होतं. म्हणालो, "उद्या येऊन सांगतो."
"अहो, फोनवरच हो-नाही सांगा की!"
"उद्या. साडेदहाला."
सुलभाने विचारलं, "कुणाचा फोन होता?"
"राँग नंबर," म्हणालो.
भित्रट कुठला.