रिकामी वाटी

ठमीच्या आईला,

तुझं पत्र पोचलं. माझा खोकला गेला, दोन वेळ नीट जेवतो. घोर लावून घेऊ नकोस.

काम तेच, मनाचा अभ्यास करतात त्या कॉलेजात उंदरांचे पिंजरे धुण्याचं. हसू नकोस, पण इथल्या मॅडम उंदरांना शिकवतात. घंटी वाजली की वाटीत दाणे पडायचे, म्हणून सगळे धावत यायचे. आता मॅडमनी दाणे बंद केलेत. घंटी वाजवायची, वाटी रिकामी ठेवायची आणि किती दिवसांत उंदीर यायचं सोडतात ते वहीत लिहायचं. आठवड्यात विसरतील, म्हणाल्या.

तीन आठवडे झाले, एकही विसरला नाही. मॅडम चक्रावल्यात आणि मी मान खाली घालून पिंजरे धुतो. कारण त्या गेल्या की मीच वाटीत बिस्किटाचा चुरा टाकतो. बिचारे रिकाम्या वाटीपाशी बसून राहतात गं, बघवत नाही. आता सांगावं तर नोकरी जाईल, गप्प बसावं तर मॅडमच्या पुस्तकात खोटं छापून येईल. माझं तर डोकंच चालेनासं झालंय. तू काय केलं असतंस?

आईचे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेते का, की तुलाच रागावते?

आणि ठमी? संध्याकाळी रस्त्यावर कुणाच्या सायकलची घंटी वाजली की अजून दाराशी धावते का? मला इकडे येऊन सात महिने झाले. धावत असेल, तर तेव्हा तिच्या हातावर अर्धं बिस्किट ठेवत जा. बाबांनी दिलंय म्हण.

तुझा,
ठमीचा बाबा