मामाचं घर आणि तुझा तलाव

आई, मामा आला होता. माझ्या ऑफिसात, म्हणजे तुझ्याच त्या काचीगुड्याच्या ऑफिसात, जिना चढून, एकटा. ऐंशीच्या घरात आहे आता. कठड्याला धरून धरून आला असणार, कारण दारात पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तुझ्या टेबलाकडे बघितलं, तिथं आता मी बसते, आणि म्हणाला, "फाटकावर लाल फुली मारून गेलेत गं. घर तलावात आहे म्हणतात. पाडणार." मग जरा थांबून, "अक्का असती तर तिच्याकडे आलो नसतो. तू आहेस म्हणून आलो." मी त्याच्या हातातली नोटीस घेतली. कुठला तलाव ते मला वाचायच्या आधीच कळलं होतं.

तुझं काम लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. आई वकील आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, खुनाच्या केसेस की घटस्फोटाच्या? तू हसून म्हणायचीस, "कुठल्या जमिनीवर काय करायचं, त्याची भांडणं." कोर्टातून आलीस की स्वयंपाकघरातल्या फरशीवर शहराचा विकास आराखडा पसरायचीस, चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, मसाल्याचा डबा, खलबत्ता आणि माझं एखादं पुस्तक. कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि तू गुडघ्यांवर बसून बोट फिरवते आहेस. पिवळं म्हणजे घरं. जांभळं म्हणजे कारखाने. हिरवं म्हणजे शेती नाहीतर बागा. निळं म्हणजे पाणी. कुणाच्या तरी एका सहीनं हिरव्याचं पिवळं होतं, आणि ते झालं की खरोखरची जमीनही काही वर्षांत तशीच होते, हे तू मला शाळेत असतानाच सांगितलं होतंस. बाबा रेल्वेतली ड्यूटी करून यायचे आणि नकाशाच्या कडेकडेनं पाय टाकत ताटापर्यंत पोचायचे. कधी तक्रार केली नाही त्यांनी.

मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असताना सगळ्या शहराला जमिनीचं वेड लागलं. देशाची दारं उघडली, परदेशी कंपन्या येणार, असं रोज पेपरात यायचं. सुलतान बाजारात टीव्हीची दुकानं वाढली, गल्लीगल्लीत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, आणि शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर रंगीत पताका लागल्या. शेतं घ्यायची, चुन्यानं रेघा मारून तुकडे पाडायचे आणि विकायचे, याला आपल्याकडे 'वेंचर' म्हणायला लागले. रविवारी सकाळी काचीगुडा स्टेशनासमोरून त्यांच्या बस सुटायच्या. जागा बघायला फुकट नेऊन आणायचे, वर पुलिहोऱ्याची, म्हणजे चिंचेच्या भाताची, पाकिटं वाटायचे. मामा त्यातल्याच एका बसनं गेला. त्याच्या सरकारी कारखान्यानं तेव्हा माणसं कमी करायला काढली होती, आणि त्यानं इतरांसारखी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. सगळी उमर भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला माणूस. मामी तर नळावरच्या भांडणांनीच म्हातारी झाली म्हणायचा.

त्याच सुमाराला तलावावरच्या धोबिणी तुझ्याकडे आल्या होत्या. मी तेव्हा ऑफिसात होते. चौघी-पाचजणी, कुणी खुर्चीवर बसायला तयार नाही. त्यांच्यातली जी वयानं मोठी होती तिनं तुला विचारलं, "अम्मा, चेरुवू गया तो हम कपडे किधर धोना?" चेरुवू म्हणजे तलाव, एवढं तेलुगू तर आपल्या घरात सगळ्यांनाच येतं. तलावाच्या पोटातली जमीन, जी आराखड्यात निळी होती, ती सरकारनं घरांसाठी म्हणून पिवळी केली होती. हरकती मागवल्याच नव्हत्या. तू दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिथं गेलीस. उन्हाळा होता, पाणी मधोमध उरलं होतं, आणि बाकीच्या भेगाळलेल्या मातीत पोरं क्रिकेट खेळत होती. तू बांधावरून सगळा फेरा मारलास, सांडवा कुठं आहे, पाणी उतरून कुठल्या वस्तीकडे जातं, सगळं पायी चालून पाहिलंस. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. परतताना तू मला सुलतान बाजारात उतरवलंस आणि जाड तळाचे बूट घेऊन दिलेस. "काळा कोट नंतर घेऊ," म्हणालीस. "या कामाला आधी हे लागतात." मी मनातून खट्टू झाले होते. मैत्रिणींच्या आया त्यांना घड्याळं घेऊन देत होत्या.

आणि मग तो संध्याकाळचा स्वयंपाकघरातला प्रसंग. तो मी आजही जसाच्या तसा बघते. तू तव्यावर धपाटं थापते आहेस. मामा मिठाईचा डबा घेऊन येतो, चपला काढता काढताच ओरडतो, "अक्का, प्लॉट घेतला!" खिशातून वेंचरवाल्याचा गुळगुळीत छापील नकाशा काढतो आणि तुझ्या नकाशावरच पसरतो. तू गॅस बारीक करतेस, खाली बसतेस, बघतेस. छापील नकाशावर बोट ठेवतेस.

"ही जागा घेतलीस तू?"

"हौ. कोपऱ्याचा प्लॉट आहे. पूर्वेला दार."

"हे परत दे. हा तलाव आहे."

"कुठला तलाव? मी स्वतः जाऊन आलो. सुकलेलं आहे सगळं."

"उन्हाळ्यात सुकतं. म्हणून तलाव नाही असं होतं का? मी याच्याविरुद्ध केस घातलीय. परवाच."

मामाला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरत गेला. तो म्हणाला, "अक्का, माझं सगळं त्यात आहे. तू केस काढून घे." तू म्हणालीस, "मी काढून घेतली तरी पाणी तिथंच येणार आहे रे. मी तुझ्यासाठी दुसरीकडे बघते. मी स्वतः फिरते तुझ्याबरोबर." पण त्याला ते ऐकूच गेलं नाही. "धोबिणींसाठी सख्ख्या भावाच्या मुळावर उठलीस," एवढं बोलून तो उठला. तू वाढलेलं ताट तसंच राहिलं. तो गेल्यावर मी रागानं म्हटलं, मामा हावरटच आहे. तू माझ्याकडे वळलीस आणि इतक्या कडक आवाजात बोललीस की मी दचकले. "पुन्हा तो शब्द काढायचा नाही. डोक्यावर आपलं छप्पर असावं वाटणं म्हणजे हावरटपणा? ज्यांनी पाण्याला जमीन म्हणून विकलं त्यांना काय म्हणायचं ते म्हण."

हायकोर्टात तू जिंकलीस. मी मागच्या बाकावर बसले होते. तू आवाज चढवत नव्हतीस. हा तलाव वर्षातून काही महिने रिकामा दिसतो, पण तो रिकामा असणं हेच त्याचं काम आहे, कारण मोठा पाऊस आला की खालच्या वस्त्यांत शिरणारं पाणी तोच पोटात घेतो, असं तू म्हणालीस, आणि न्यायमूर्तींनी लिहिणं थांबवून तुझ्याकडे बघितलं. जमिनीचा बदललेला वापर रद्द झाला. आपण नयापूल ओलांडून अफझलगंजला बससाठी चालत निघालो. धोबिणी तुझ्या मागेमागे, हसत. मी पण हसत होते. तू मात्र पुलावर थांबलीस आणि कठड्याला हात टेकून खाली मुसी नदीकडे बघत राहिलीस. "आता तो येणार नाही," म्हणालीस. भाऊबीजेला तू तरीही सगळं केलंस. पाट मांडलास, निरांजन केलंस, त्याला आवडतात म्हणून करंज्या जास्तीच्या केल्यास. दुपार टळून गेल्यावर बाबांनीच हळूच पाट उचलून ठेवला.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण लिहिते. सरकारनं तीच गोष्ट पुन्हा केली, या वेळी रीतसर. पेपराच्या एका कोपऱ्यात हरकती मागवल्या. तू हरकत घेतलीस, सुनावणीला गेलीस. माझी सनद तेव्हा नुकतीच झाली होती, म्हणून मीही बरोबर होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तुझा कागद एका बाजूला सरकवला आणि फार अदबीनं म्हणाले, "अम्मा, देश बदल रहा है. आप पुरानी बातां लेके बैठे." पुन्हा पिवळा रंग लागला. तू दुसऱ्या याचिकेचा मसुदा करायला घेतलास आणि त्याच दिवसांत तुझ्या पोटातलं दुखणं डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं. याचिका मी दाखल केली. ती कोर्टात पडून राहिली, आणि तोवर तिथं पाये खणले गेले, भिंती आल्या. मामाचंही घर झालं. वास्तुशांतीचं बोलावणं आपल्याला आलं नाही.

तुला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा तो एकदा आला होता. तू झोपली होतीस. मी म्हटलं, उठवते. तो म्हणाला, नक्को, झोपू दे. बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि मग निघून गेला. तू जागी झाल्यावर मी सांगितलं, मामा आला होता. तू एवढंच विचारलंस, "काही खाल्लं का त्यानं?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तू तोंड भिंतीकडे केलंस. त्यानंतर तुमची भेट झाली नाही. तुला स्मशानात नेलं तेव्हा तो आला होता, पण लोकांच्या मागे, लांब उभा होता, आणि सगळे पांगल्यावरही तिथंच होता, हे मला बाबांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

त्या घरात पाणी शिरलं आई. एकदा नाही, कितीदा तरी. मामी शेवटी शेवटी पावसाळा आला की सामान माळ्यावर चढवून ठेवायची. ती गेली, पोरगा अमेरिकेत गेला, मामा तिथंच राहिला. आणि आता सरकारलाच तलाव आठवलेत. ज्यांनी पिवळा रंग लावला त्यांच्याच जागेवर बसलेले नवे लोक निळा शोधत फिरतायत, आणि लाल फुल्या मारतायत.

मी मामाची केस घेतली. त्याची आणि त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांची. घ्यायच्या आधी मी त्या कॉलनीत जाऊन फिरले. धोबिणींचं तिथं कुणी उरलेलं नाही. मी कोर्टात उभी राहिले आणि म्हटलं, वापर बदलला सरकारनं, परवानगी दिली सरकारनं, घरपट्टी घेतली सरकारनं, मग या म्हाताऱ्या माणसांना ऐकून न घेता उचलून बाहेर कसं टाकता? सरकारचा वकील माझ्या मुलाच्या वयाचा. तो उठला आणि म्हणाला, या तलावाबद्दल याच न्यायालयाचा एक जुना निकाल आहे. आणि वाचायला लागला. तुझंच म्हणणं, निकालात जसंच्या तसं घेतलेलं. रिकामा असणं हेच त्याचं काम आहे. ज्या सरकारनं तुला परतवून लावलं तेच सरकार तुझं वाक्य माझ्यासमोर धरून उभं होतं. न्यायमूर्तींनी पान उलटलं, वकिलाचं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "या तुमच्या कोण?"

"आई."

ते म्हणाले, "त्यांचं बरोबर होतं." मी म्हटलं, "हो, बरोबर होतं. तेव्हा ऐकलं असतं तर आज ही माणसं इथं नसती." निकाल तुला आवडला असता की नाही, मला सांगता येत नाही. तलाव तलावच राहील. घरं जातील, पण पाऊसकाळ संपेपर्यंत कुणाला हात लावायचा नाही, आणि ज्यांना दुसरा आसरा नाही त्यांना सरकारनं दुसरीकडे जागा दिल्याखेरीज फाटक तोडायचं नाही.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. निकाल समजावून सांगितला. त्यानं आदळआपट केली नाही. भिंतीवर पाणी चढल्याची खूण होती तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तो जुना निकाल आहे का तुझ्याकडे? अक्काचा?" होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून मीच वाचला, इंग्रजीतून मराठीत सांगत सांगत. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "पाण्याबद्दल एवढं बोलली. आमच्याबद्दल काही बोलली होती का गं? प्लॉट घेणाऱ्यांबद्दल?"

हे लिहिलेलं तुला कुठं पाठवणार, आणि पाठवायची सोय असती तरी एका गोष्टीपायी पाठवलं नसतं. तू कागदात नसलेलं अक्षरही कधी कोर्टासमोर बोलली नाहीस. निकालात त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती, तरी मी मामाला म्हटलं, हो, बोलली होती. म्हणाली होती, ही माणसं वाईट नाहीत, यांना फसवलंय, यातलाच एक माझा धाकटा भाऊ आहे, त्याला आधी दुसरीकडे जागा द्या. त्यानं डोळे पुसले आणि माझा हात धरून ठेवला. कुठल्या पानावर आहे ते त्यानं विचारलं नाही.