मिठाच्या डब्याचा दोरा

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

"घरातली पहिली पदवीधर तू, मग तुझं कंपनीत कुणी ऐकत का नाही?" असं तू फोनवर विचारलंस. तेच सविस्तर लिहितेय.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. डोक्याचा मात्र पार भुगा झालाय.

पाणबुड्यांच्या जाकिटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. आमची कंपनी बनवते त्या जाकिटाची ही दोन्ही बटणं शेजारीशेजारी आणि अगदी सारखी आहेत. जाड हातमोज्यातून फरक कळत नाही. वर येताना जाकिटातली हवा आपोआप फुगत जाते, म्हणून ती थोडी थोडी सोडावी लागते. तेव्हा सोडायच्या ऐवजी भरली गेली, तर माणूस बाणासारखा वर येईल आणि त्याची फुप्फुसं फाटतील. तीन बैठकांत हेच सांगितलं. साहेब म्हणतात, "अहो मॅडम, सारखीच शोभून दिसतात. लोकांना सवय होते."

मग तुझा मिठाचा डबा आठवला. बाबांच्या चहात मीठ पडल्यापासून तू त्याला दोरा बांधतेस ना? तसाच दोरा मी हवा सोडायच्या बटणाला गुंडाळला आणि साहेबांना हातमोजे घालून, डोळे मिटून तीनदा ते बटण ओळखायला लावलं. तिन्ही वेळा बरोबर ओळखलं त्यांनी! वर म्हणतात, "पण गावठी दिसतं हो. जुन्याच ड्रॉइंगवर सही करा."

बाबांची कंबर कशी आहे? माझ्या नोकरीचं त्यांना एवढ्यात काही बोलू नकोस. मी सही केली नाही. ड्रॉइंग तसंच परत दिलं, वर दोरा गुंडाळलेलं बटण ठेवून.

तुझ्यासारखीच हट्टी,
तुझी लेक