रिजेक्ट झालेले अलार्म

भोपाळ,
शुक्रवार, दुपार

प्रिय कल्पना,

फोनवर तू रोज विचारतेस, "आई, धुराचा अलार्म बसवला का?" आणि मी रोज "बघतेय" म्हणून विषय बदलते. बाबा आवाज पूर्ण मोठा करून फोन स्पीकरवर लावतात आणि शेजारीच बसतात. तिथे हे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस.

दुधाचं पातेलं जळालं तेव्हा मी पिपलानीच्या बाजारात भाजी घेत होते, एवढंच तुला सांगितलं होतं. बाकीचं आता सांगते. परत आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर येत होता. शेजारची शकुंतला आपली बेल दाबून दाबून रडकुंडीला आली होती आणि बाबा पुढच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन गाढ झोपले होते. त्या दिवशी मला कळलं, की अलार्म नुसता वाजून भागणार नाही. घरात दुसरं कोणी नसताना तो बाबांना उठवू शकला पाहिजे.

मग मी टी. टी. नगरच्या दुकानात गेले. दुकानदार गॅसगळतीचा डबा गळ्यात मारायला लागला. म्हणे, "सब एक ही है, माताजी." मी म्हटलं, "भैया, धुआँ और गैस एक ही होते, तो मेरी बीएस्सी बेकार गई." मुकाट्याने धुराचा काढून दिला. स्वयंपाकघरात मात्र धुराचा लावायचा नाही, हे लक्षात ठेव. मिरचीची फोडणी दिली की तो बोंबलणार आणि दोन दिवसांत आपणच त्याचा सेल काढून ठेवणार. तिथे उष्णतेवर चालणारा लावायचा. धुराचा बोळात, झोपण्याच्या खोलीच्या दाराशी.

आणला तो बाबांनी हातातून काढूनच घेतला. सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली, त्यांच्या शिक्क्याशिवाय एकही विजेची मोटार बाहेर पडत नसे. स्टुलावर चढले, उदबत्ती पेटवून धूर दाखवला. डब्याचा लाल दिवा लुकलुकला आणि अलार्म असा किंचाळला, की मी कानांवर हात ठेवले. बाबा शांतपणे खाली उतरले आणि म्हणाले, "दिवा लागतो, पण हॉर्न डेड आहे. रिजेक्ट." तेवढ्यात शकुंतला धावत आली. "भाभीजी, क्या हुआ? सिलेंडर फटा क्या?" तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. बाबा तिला समजावत होते, की आजकाल मालाची तपासणीच कोणी करत नाही. अलार्म अजून वाजतच होता.

मी तो परत करून दुसऱ्या बनावटीचा आणला. तोही रिजेक्ट. तिसराही. दुकानदार मला पाहिलं की आत जायला लागला.

तुला वाटतं, बाबांचं लक्ष नसतं. त्यांना ऐकूच येत नाही, कल्पना. जाड, खालचे आवाज येतात, बारीक आणि तीव्र काहीच नाही. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, बेल नाही, तुझ्या पिंकीचं फोनवरचं बोलणं नाही. तिचे ओठ दिसत नाहीत ना. समोरासमोर तुझ्यामाझ्याशी निभतं ते ओठ बघून, आणि मी मोठ्यांदा बोलते म्हणून. मोटारींच्या चाचण्या व्हायच्या तिथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कानात घालायचे बोळे कारखान्यातून मिळत, ते टेबलाच्या खणात पडून राहत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग खराब आहे की नाही ते सांगत. "बेअरिंग कानालाच कळतं," म्हणायचे. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की अलार्म चांगले होते?

शेवटी बहिऱ्या माणसांसाठी असतो तसा मागवला. धूर झाला की छतावरच्या डब्याचा निरोप उशीखालच्या चकतीला जातो आणि ती अशी थरथरते की माणूस उठून बसतो. बाबांना सांगितलं, मलाच हल्ली ऐकू येत नाही, माझ्यासाठी आहे. त्यांनी चकतीवर तळहात ठेवला, उदबत्ती दाखवली आणि प्रथमच म्हणाले, "पास." मग माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून माझ्याशी मोठ्यांदा बोलतात, एकेक गोष्ट दोनदा सांगतात. परवा शकुंतलाला म्हणाले, "इनको अब कम सुनाई देता है, ज़रा ज़ोर से बोला कीजिए." ती बिचारी पदर तोंडाला लावून आत पळाली. हसत होती की रडत, कोण जाणे.

आता पत्राचं कारण. मागच्या महिन्यात चष्म्याचं काम सांगून मी बाहेर गेले, ती डॉक्टरांकडे गेले होते. माझं पोटाचं दुखणं पित्ताचं नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. दिवाळीनंतरचं काही विचारलं की डॉक्टर कागद चाळायला लागतात. बाबा बडोद्याला तुझ्याकडे येणार नाहीत, तू किती वेळा विचारून पाहिलंस. ते याच घरात राहतील, एकटे. तेव्हा माझं सगळं आटोपून पाहुणे गेले की तू लगेच निघू नकोस. माझ्या उशीखालची चकती त्यांच्या उशीखाली ठेव. "मला काय धाड भरली आहे?" म्हणतील. बहिरे आहात असं सांगू नकोस. म्हण, बाबा, ही रोज वापरून तपासायची आहे आणि कशी चालते ते मला कळवायचं आहे. तपासणीचं काम त्यांनी आजवर नाकारलेलं नाही. आठवड्याला फोन करून सविस्तर सांगतील, कंटाळा न करता ऐक. त्याआधी एकदा मला भेटून जा. मात्र स्टेशनवरून येताना काय रडायचं ते रिक्षात रडून घे आणि तोंड धुऊन मग आत ये. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि ते आल्यागेल्याच्या चेहऱ्याकडेच बघत असतात.

तुझीच,
आई