उद्घाटक येईपर्यंत

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज बपेऱ्याच्या पोस्टात रुजू झाले. ब्रँच पोस्टमास्तर! कराडची पोरगी निघाली ती थेट मध्य प्रदेशाच्या वेशीवर येऊन टेकली. आई फोनवर विचारत होती, तिथली माणसं मराठी बोलतात ना. बोलतात की, आणि वाक्यागणिक ‘जी’ लावून बोलतात. घरमालक वासुदेवराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, शिवाय मंडई उत्सव मंडळाचे अध्यक्ष. मला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटला, तर सगळे पोट धरून हसले. त्यांची सून रेणू हिनं मग समजावलं. दिवाळीनंतर इथं गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. दिवसा जत्रा आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. या गावची चौदा तारखेला आहे.

वासुदेवरावांच्या बायको आनंदाबाई, त्यांनी पहिल्याच जेवणाला सुवाऱ्या, म्हणजे आपल्या पुऱ्या, आणि उडदाचे बडे, म्हणजे वडे, केले. नको म्हणेपर्यंत ताटात आणखी दोन पडलेले. समोर कापलेलं धान वाळतंय, त्याचा वास खोलीपर्यंत येतो. मला इथं करमणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाहुणचार अंगाशी आला. रविवारी जेवण झालं आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की मी जमिनीवरच लोळले. काल तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. मी म्हटलं कराडला जाऊन ऑपरेशन करते. वासुदेवराव ऐकतात कुठले! शहरातले एक डॉक्टरसाहेब त्यांच्या घरोब्यातले आहेत. दुर्बिणीनं करतात, चार बारीक भोकं, अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी माणूस घरी. यंदाच्या मंडईचे उद्घाटकही तेच आणि मंडपाचा खर्चही त्यांचाच. उद्घाटक जितका मोठा तितकी गावाची मान ताठ, असा इथला हिशोब आहे. पत्रिकेवर त्यांचा फोटो देवीपेक्षा मोठा छापलाय.

आईचा फोन वासुदेवरावांनीच हातात घेतला. म्हणाले, “तुमची पोरगी ते आमची पोरगी जी. काही चिंता करू नोका.” आई निर्धास्त झाली. खरं तर मीही झाले.

९ नोव्हेंबर, रविवार

काल ऑपरेशन झालं, आज घरी आले. पोटावर चार पट्ट्या आहेत, त्यातली एक बेंबीवर. गंमत म्हणजे पोट कापलं आणि दुखतोय उजवा खांदा. नर्सनं सांगितलं होतं की आत जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात, तोच खांद्याला टोचतो, एक-दोन दिवसांत जातो.

रेणू म्हणाली, अर्ध्या तासाचं काम म्हणाले होते, पण दुपार कलली तरी मला बाहेर आणलं नव्हतं. कंपाउंडरला विचारलं तर आत थोडं चिकटलेलं होतं एवढंच म्हणाला. डॉक्टर नंतर एकदाही फिरकले नाहीत. मला हे आवडलेलं नाही. ज्यानं पोट उघडलं त्यानं निदान तोंड दाखवावं.

आनंदाबाई मात्र आल्यागेल्याला सांगतायत, टाकासुद्धा दिसत नाही म्हणून. रेणूनं तांदळाची पेज दिली. निम्मी गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खांदा तसाच आहे. आता पोटही. नगाऱ्यासारखं ताठ झालंय, बोट लावू देत नाही. सकाळपासून ताप. दवाखान्यात फोन केला तर कंपाउंडर म्हणाला, “गॅस व्हय तो मॅडम, फिरत राहा, निंगून जाईन.” डॉक्टरांना द्या म्हटलं तर ते कामात. दुसऱ्यांदा केला तरी गॅस. तिसऱ्यांदा मी ओरडले, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, मॅडम तुम्ही मुळातच घाबरट आहात का.

घरातही तेच. आनंदाबाईंनी ओवा दिला आणि शेजारच्या बाईनं गरम कोंड्याची पोटली पोटावर ठेवली. सगळ्यांना माझ्या पोटातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं! चिडून मी पोटली भिरकावली. आनंदाबाईंना वाईट वाटलं. वाटू दे.

अतुलला, माझ्या भावाला, फोन करून ये म्हटलं. तो परवाच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतोय. त्याआधी रजा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बेंबीवरची पट्टी ओली झाली. रक्त नाही. हिरवट-पिवळं काहीतरी. रेणूनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पुसलं की पुन्हा येतं. वास असा की मलाच माझी किळस येते.

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं वासुदेवरावांना हात जोडून सांगितलं. ते दारातच खुर्ची टाकून बसले. आवाज चढवला नाही. लहान मुलाला समजवावं तसं बोलले. “आता भंडाऱ्याले नेलं त लोकं काय म्हणन? उद्घाटकानंच बिघडवलं म्हणन ना! इतक्या मोठ्या माणसाले बोलावलं अन् त्याचंच नाव खराब करता का जी? परवा साहेब घरी येऊनच राहिले. निवांत पाहून घेईन.”

निवांत! मी मेल्यावर निवांत पाहील. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, पण टाळी माझ्या पोटावर काय म्हणून वाजवता? हे सगळं त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते उठून मंडप बघायला गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मीच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. चौकापर्यंत आलेली ऐकली. सायरन जवळ आला. मी भिंतीला धरून उभी राहिले, चप्पल घातली. मग सायरन थांबला. मग गाडी वळल्याचा आवाज आला, आणि गेली.

रेणूनं येऊन सांगितलं. तिचे सासरे रस्त्यात आडवे उभे राहिले होते. पेशंट नाही म्हणाले, कोणीतरी मस्करी केली.

पेशंट नाही.

माझा फोन चार्जिंगला म्हणून नेलाय. मागितला तर आराम करा म्हणतात. दाराला कडी नाही, पण पाच पावलं चालवत नाही मला. कडी कशाला लावतील? रेणूला म्हटलं कोणाला तरी सांग. ती म्हणाली, “कोणाले सांगू मॅडम? समदं गाव मंडईत लागलं हाय. मले त घराबाहेर पडू देऊन नाही राहिले.”

संताप संताप होतोय. 

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

दुखायचं थांबलं.

एकदम. पहाटे जाग आली तेव्हा काहीच नाही. आनंदाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पाहुणे दारातून डोकावतात, मॅडम बऱ्या दिसून राहिल्या म्हणतात. हातपाय गार. नखं निळी. श्वास अर्ध्यातच —

रेणूला विचारलं तू का रडतेस. तिच्या काकाचंही असंच एकदम थांबलं होतं म्हणाली. आणि माझे गार पाय चोळायला लागली.

अतुल संध्याकाळी तुमसर रोड स्टेशनवर उतरेल. संध्याकाळ लांब आहे.

दुपार

दंडारीचे ढोल. फटाके. डॉक्टर आला.

घरी नाही आला. सरळ मंचावर. आधी सत्कार, मग पेशंट.

स्पीकरवर बोलतोय. काय गोड आवाज. चार भोकं, म्हणतो, आणि बाई चालायला लागते. पुरावा लांब नाही, म्हणतो, तुमच्याच पोस्टाच्या मॅडम. टाळ्या. माझ्यासाठी टाळ्या!

मला मंचावर नेणार. शाल, नारळ. आनंदाबाईंनी त्यांची ठेवणीतली साडी काढली. रेणूला म्हटलं पट्टी काढून टाक. काढली तिनं. आता साडीवर डाग पसरतोय. पसरू दे. शाल घालायला तो जवळ येईल, तेव्हा पदर मीच बाजूला करणार. बघ म्हणावं. सगळ्या गावानं बघा —

जीभ जड झाली. माईक मिळाला आणि शब्द फुटला नाही तर. म्हणून लिहून पाठ करते.

खुर्ची आणली. चौघं जण. वासुदेवराव हसून या मॅडम म्हणतात —

थांबा म्हटलं. एकच ओळ.

गावकऱ्यांनो मला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्या. या माणसानं माझं पोट