बर्फासाठी मऊ रबर

आबा, मी टायर घेतले. चारही, माझ्या पिकअप ट्रकसाठी, बर्फात चालतात तसले मऊ रबराचे. परवा जयपूरहून निघतेय, किन्नौरमार्गे स्पितीला, आणि गाडी मी चालवणार आहे. मालवीय नगरातल्या दुकानदाराने आधी माझ्या पाठीमागे बघितलं, साहेब कुठे दिसतात का म्हणून. "आंटीजी, यहाँ बर्फ कहाँ? ये लीजिए, पत्थर जैसा है, सालों चलेगा." इथे सगळे असेच टायर घेतात, उन्हात झिजायला नको म्हणून जितका कडक तितका चांगला. मी म्हटलं, "भैया, बर्फ पर पत्थर ही फिसलता है. और साहब को मत ढूँढ़िए, गाड़ी मेरी है." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला काटा-चमचा धरायला शिकवलं, उलट बोलायला मी माझी शिकले.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी शाळेत आहे, तुम्ही लडाखहून सुट्टीवर आलाय. खातीपुऱ्याच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर, तुमचा खांदा प्लॅस्टरमध्ये, समोर दादा. तुम्ही चालवत होतात तो फौजेचा ट्रक घाटात घसरला कसा ते तुम्ही त्याला सांगताय. मोठ्या खाचांचा टायर होता, वर साखळीही होती, पण बर्फच तसला, नशीब म्हणायचं. तव्यापाशी उभी राहून मी विचारते, "पण आबा, थंडीनं रबरच कडक झालं असेल तर?" तुम्ही मान न वळवता म्हणता, "तुला गं काय करायचंय? चपाती करपतीया बघ." दादा हसतो. ज्याला स्कूटर धड स्टँडवर लावता येत नव्हती, तो दादा.

रबरच कडक झालं होतं, आबा. मोठ्या खाचा भुसभुशीत बर्फात रुततात, पण गोठलेल्या रस्त्यावर रबर मऊ राहावं लागतं आणि त्याला बारीक चिरा लागतात. तेव्हा तसले टायर मिळत नव्हते, मान्य. पण विचारणाऱ्या पोरीला उत्तर देता येत होतं की. मला इंग्रजी शाळेत घातलंत, साहेबांच्या बायकांशी नीट बोलावं म्हणून, आणि स्टीअरिंगला हात लावू दिला नाहीत. गाडी मी नोकरीला लागल्यावर शिकले, तुम्हाला न विचारता.

हे मऊ टायर राजस्थानच्या रस्त्यांवर फुकट झिजतील, म्हणून ते मागे हौद्यात दोरीने बांधून नेतेय. दव गोठायला लागलं की बदलणार. मुलगा म्हणतो, "आई, मतलब, ड्रायव्हर तरी घे ना. ह्या वयात..." म्हटलं, "ह्या वयात नाही तर कधी, माझ्या तेराव्याला?"

हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. आज दुपारी गाडीत बसले, किल्ली लावली आणि न फिरवताच परत उतरले. मुलाला कळलं असतं तर त्याने किल्ली काढून घेतली असती. तुम्हीही घेतली असतीत. पण तुम्हाला आता ते जमायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मला भीती वाटतेय, आबा. तरी जातेय.